तोयोसुतली शाकाहारी इमारत

कोथरूडची सुलेखा जपानमध्ये तोयोसुतल्या एका लहानशा एजन्सीत आपल्या लोकांना भाड्याची घरं मिळवून द्यायची. 'परदेशी माणूस चालेल का' असं मालकांना फोनवर विचारायचं आणि नकार ऐकून वर आभार मानायचे, यात तिची जीभ झिजली होती. म्हणून मोरीता-सान या म्हाताऱ्या घरमालकिणीला पटवताना तिनं आपल्यांची तारीफ जरा सढळ हातानंच केली. शांत, देवभोळी माणसं, मांसमच्छीला शिवत नाहीत. बाईंनी मान डोलावली, आणि सुलेखानं जाहिरात टाकली : 'भारतीय शाकाहारी कुटुंबांचं स्वागत'. पुण्यात असं लिहिताना कुणाचा हात अडखळतो?

इमारत भरत आली. शेवटचं घर बघायला आली नुपूर. मालवणची, इथं सॉफ्टवेअरमध्ये, नवऱ्यापासून वेगळी, पदरात शाळकरी पोर. महिनाअखेर कंपनीची खोली सोडायची होती आणि दुसरीकडे कुणी दारात उभं करत नव्हतं. माशांचं नाव काढू नकोस, असं सुलेखानं तिला वाटेत दोनदा बजावलं.

तळमजल्यावर मोरीता-सानच्या दारात पोचल्या तर आत बांगडा भाजल्याचा घमघमाट. बाई पार ओशाळल्या. शेगडी विझवून माफी मागू लागल्या. म्हणाल्या, वरच्या भाडेकरूंना वास जाऊ नये म्हणून हल्ली क्वचितच भाजते.

सुलेखा गोंधळली. "म्हणजे ती अट तुमची नव्हती?"

"माझी? ती तर तुम्ही घातलीत, सुलेखा-सान. मला वाटलं, तुमच्यात तसंच लागतं."

नुपूरला हसू आवरेना. "ताई, आता खोटा कित्याक सांगू? माका रोज मासो लागता," ती म्हणाली, आणि तेच तिनं जपानीत बाईंनाही सांगितलं. बाईंनी शेगडी पुन्हा पेटवली आणि घर नुपूरला दिलं.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या शिरीषचा फोन आला. "ताई, आम्ही जाहिरात वाचून आलो होतो. आता हे काय?"

"जाहिरात माझीच चुकली, शिरीष. नुपूर तिथंच राहणार."

"मग उद्या कुणीही येईल."

फोन ठेवून ती जाहिरात दुरुस्त करायला बसली. 'शाकाहारी' पुसलं. 'कुटुंबांचं' पुसलं. 'भारतीय'पाशी बोट थबकलं. ते काढलं तर उद्या आपल्यांना घर कोण देणार? आणि ठेवलं, तर आपणही त्या फोनवरच्या मालकांसारखेच की काय?