कुरडयांवरचे काळे ठिपके

भोसरीत मी ज्या घरात भाड्याने राहत होतो, त्याच्या गच्चीवर फेब्रुवारीतल्या एका सकाळी मालकीणबाईंनी मला बोलावले. आम्ही भाडेकरू त्यांना मावशी म्हणायचो. त्यांच्या मुलीचे लग्न नऊ दिवसांवर आले होते आणि रुखवतासाठी पहाटे घातलेल्या कुरडयांवर काळे ठिपके पडले होते. सलग दुसऱ्या दिवशी.

"तुमी पेपरात हवेचं लिवता न्हवं? मग लिवा, समोरच्या वर्कशॉपवाल्यानं माज्या लेकीच्या रुखवताची माती केली."

समोर लोखंडाचे ग्रायंडिंग चाले. थंडीत सकाळी हवेतले बारीक कण वर जात नाहीत, जमिनीलगत रेंगाळतात, हे मी समजावून सांगितले.

"त्यानं ठिपकं जात्यात का?" मावशींनी विचारले.

खालच्या खोलीतला लातूरचा भाडेकरू एका कारखान्याच्या टूलरूममध्ये कामाला होता. आवाज ऐकून तो दात घासता घासता वर आला, पुन्हा खाली गेला आणि लोहचुंबक घेऊन आला. कालच्या, अर्धवट वाळलेल्या कुरडईवरचे ठिपके त्याने कागदावर खरवडले आणि वरून चुंबक फिरवले. दोन कण चिकटले. बाकीचे हलले नाहीत. ते त्याने चोळले. बोट काळे झाले.

"मावशी, हे लोखंड नाही बगा, काजळी हाय. समोर जाळ हाय का कुटं?"

आम्ही तिघांनी कठड्यावरून खाली पाहिले. अंगणात मावशींचा तांब्याचा बंब धूर सोडत होता. पाहुणे आल्यापासून तो पहाटेच पेटायचा, कंपन्यांतून आणलेल्या पॅकिंगच्या फळ्यांवर. त्याच वेळी वर ओल्या कुरडया घातल्या जात.

"काल भांडून आलात ना वर्कशॉपवाल्याशी?" लातूरकर म्हणाला.

"तू दात घास."

काजळी ऊन शोषते, हवा तापवते, जगाच्या तापमानवाढीत तिचाही वाटा आहे, अशी भर मी घातली.

"मंग हितं पानी तापाया बंब कशाला लागतुया?" मावशी म्हणाल्या.

बंब लगेच विझवला. गहू नव्याने भिजत पडले. भिजायला तीन दिवस, वाळायला दोन. चुकायला जागा नव्हती. मावशी वर्कशॉपमध्ये जाऊन आल्या. "माजंच चुकलं भावा, पर दोन कन तुजं बी हायत," हे त्यांचे शब्द. कुरडया वाळेपर्यंत वर्कशॉपवाल्याने आमच्या बाजूचे शटर उघडले नाही. पाहुणे आणि आम्ही भाडेकरू ओरडत ओरडत गार पाण्याने अंघोळ करत होतो.

लग्नाच्या दिवशी रुखवतात पांढऱ्याशुभ्र कुरडयांची चळत होती. नवऱ्या मुलाच्या आईने एक उचलून उजेडात धरली. "विकतच्या का हो?"

"न्हाई ओ," मावशी म्हणाल्या. "समदं घर पाच दिस गार पान्यानं न्हालंय हिच्यापायी."