सह्या मागायला गेले होते

विनापरवाना झाड तोडणाऱ्याचा दंड कित्येक पटींनी वाढवायचा, असा कायद्याचा मसुदा राज्य सरकारने आणला तेव्हा आमच्या गटात आनंदीआनंद झाला. आम्ही दहा-बारा जण, बहुतेक निवृत्त. नाशिकमध्ये रस्ते रुंद करताना जाणाऱ्या वडा-पिंपळांसाठी आम्ही वर्षानुवर्षं भांडत होतो. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेलं, म्हणून पाठिंब्याचं निवेदन लिहायचं काम माझ्याकडे आलं. दोन पानं झाली. मला ती फार चांगली वाटली होती.

सह्या गोळा करताना माझा एक जुना विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, शहरातल्याच सह्या का? आमच्याकडे या." तो हरसूलजवळच्या आश्रमशाळेत शिक्षक आहे. एका रविवारी मी गेले.

त्याच्या आईने चहा दिला आणि समोर बसून ती म्हणाली, "काय लिवलंय ते वाच ना." तिकडे एकेरीतच बोलतात, त्यात आपलेपणाच असतो. मी वाचलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलत गेला.

"आपल्या शेतातलं झाड तोडलं तरी दंड?"

"परवानगी न घेता तोडलं तर."

"मग मी नाय अंगठा देणार," ती म्हणाली आणि उठली. "चल, दावते."

नागलीच्या शेताच्या बांधावर ती मला घेऊन गेली. वाकून तिने गवतातून सागाचं वीतभर रोप उपटलं, पुढे ऐनाचं एक उपटलं. मी "अहो, अहो" म्हणत राहिले.

"दरसाल उपटते," ती म्हणाली. "बारीक हाय तवर माझं. मोठं झालं का सरकारचं."

घराचं आढं मोडलं तेव्हा बांधावरचाच एक साग तोडायचा होता, हे मग मुलाने सांगितलं. अर्ज, सातबारा, मोजणीचा नकाशा, साहेब रजेवर, पुन्हा या. चार महिने हेलपाटे घातले आणि शेवटी पावसाच्या आत लोखंडी पाइप आणून टाकला. साग अजून उभा होता. तीस वर्षं मी मुलांना जंगल कसं वाढतं ते शिकवलं. ते वाढू का दिलं जात नाही, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

आठवड्याभराने आमदारांनी मसुद्यावर बोलायला आमच्या गटाला आणि विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांना बोलावलं. मी विद्यार्थ्याला म्हटलं, "आईंना घेऊन ये." ती आली आणि बांधावर मला जे सांगितलं तेच, तेवढ्याच शब्दांत, सांगून खाली बसली. नंतर माझी पाळी. मी म्हटलं, शहरातल्या जुन्या झाडांसाठी कडक दंड हवाच. पण स्वतःच्या शेतात वाढवलेलं झाड घरासाठी तोडणाऱ्याला यातून वगळा. शेतकऱ्यांच्या बाजूने आलेला एक जण तावातावाने म्हणाला, "अर्धं नको, सगळा मसुदाच रद्द करा." आणि आमच्या गटाचे अध्यक्ष खाली बघून कागद आवरायला लागले.

जिन्यात त्यांनी मला गाठलं. "तुम्ही त्यांना आयतं व्यासपीठ दिलंत. या पळवाटेतून उद्या ठेकेदार ट्रक घालतील."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. घरगुती वापराच्या नावाखाली काय काय तुटतं, तेही मी पाहिलेलं आहे. "मग वाट कशी बंद करायची ते बसून लिहू या," मी म्हटलं. ते जिना उतरून निघून गेले. गटाच्या पुढच्या बैठकीचा निरोप मला आला नाही. बरेच दिवस ते मनाला लागून राहिलं.

पुढे सरकारने मसुदा मागे घेतला. कुणामुळे, ते कळलं नाही. आमदारांकडच्या बैठकीमुळे तर नक्कीच नाही. मी विद्यार्थ्याच्या आईला फोन करून सांगितलं.

"म्हंजे आता परवानगी नाय लागणार?" तिचा आवाज एकदम मोठा झाला.

"लागणार. जुना कायदा आहेच. दंड फक्त वाढला नाही."

"मग आपून बोललो कशाला गं?"

पुढच्या रविवारी टेप घेऊन मी पुन्हा गेले. तिने एक टोक धरलं, मी दुसरं, आणि छातीच्या उंचीवर सागाचा घेर मोजला. पडवीत बसून तो तोडायच्या परवानगीचा अर्ज लिहिला. आधीच्या खेपेला कुठे अडलं होतं ते मुलाला विचारून एकेक कागद जोडला. तिने अंगठा उठवला. अर्ज देऊन पोच घेतली आहे. उत्तर अजून आलेलं नाही. मी दर सोमवारी वनखात्याच्या ऑफिसात फोन करते.