बँकॉकमधला सोपो

आमच्याबरोबरची सगळी मंडळी त्या दिवशी बाजारात गेली. म्हापशाच्या एका यात्रा कंपनीबरोबर आम्ही बँकॉकला गेलो होतो, आणि शेवटचा दिवस ज्याला त्याला मोकळा दिला होता. मला नदीकाठची देवळं बघायची होती. हे म्हणाले, "चल, मी येतो. पिशव्या धरून दुकानातून फिरण्यापेक्षा देव बरे."

हे तुयेच्या औद्योगिक वसाहतीत फिटर होते. मी पार्सेच्या शाळेत शिकवत होते. लग्नाला पंचवीसेक वर्षं झाली होती, मुलगा नोकरीला लागला होता, आणि त्यानंच हट्टानं आमचे पासपोर्ट काढले होते. यांचा स्वभाव मोजकं बोलण्याचा. नवी जागा असली की दहा जणांना वाट विचारून मग पाऊल टाकणार. पणजीत गेले तरी विचारतात.

यांचं मूळ घर डिचोलीकडच्या एका वाड्यावर. तो वाडा आता नाही. खाण सरकत सरकत आली आणि हे शाळेत असताना घरं उठली. त्याच्या आदल्या वर्षी यांची आई त्या घरात वारली होती. वडील दोन्ही मुलांना, म्हणजे यांना आणि यांच्या मोठ्या बहिणीला, घेऊन लाटंबार्सेला मामांच्या शेजारी राहायला गेले. लग्नानंतर एकदा बसमधून जाताना यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं होतं. "थंय." तिथं एक भला मोठा खड्डा होता आणि तळाशी हिरवं पाणी साचलं होतं. त्या घराबद्दल मला माहीत होतं ते एवढंच.

सकाळ छान गेली. होडीतून नदी पार केली. होडीतली तिकीटवाली बाई पत्र्याची नळी खुळखुळवत फिरत होती, त्याची यांना गंमत वाटली. पलीकडच्या काठावरचं देऊळ चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेलं. उन्हात डोळे दिपायचे. पायऱ्या इतक्या उभ्या की मी यांचा दंड धरून उतरले. खाली येऊन सावलीत बसलो. मी पिशवीतून पोळ्या काढत होते, तेवढ्यात हे उठले आणि देवळाच्या मागच्या दरवाजाकडं चालू लागले. चपला तशाच पायरीशी.

"अहो, धक्का या बाजूला आहे!"

त्यांनी मागं न बघता हात हलवला. "ये गो. हंयच्यान लागीं."

इथून जवळ आहे म्हणे. काय जवळ? मी त्यांच्या चपला उचलल्या आणि मागं धावले.

दरवाजाबाहेर एक अरुंद गल्ली होती. दोन्हीकडं भिंती, वरून विजेच्या तारांची जाळी, कुठंतरी मासळी वाळत असल्याचा वास. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. ऊन असं की दगडावर पाय ठेववू नये, आणि हे अनवाणी, शाळा सुटल्यासारखे झपझप चालले होते. वळणं येत होती आणि कुठंही न थांबता हे वळत होते. मी हाका मारत होते आणि ते उत्तरही देत होते, पण ती बोली मला माहीत असलेली नव्हती. म्हणजे कोकणीच, पण लहान पोराची, शब्द अर्धे खाणारी. पंचवीस वर्षांत मी ती ऐकली नव्हती.

पुढं एक कालवा आला. त्यावर लाकडी साकव. हे म्हणाले, "मदल्यान चल. उजवी फळी हालता."

मी मुद्दाम उजव्या फळीवर पाय दिला. ती हलली.

तिथून पुढं मला भीती वाटू लागली. आधी वाटलं होतं, उन्हानं डोकं फिरलं असेल, सावलीत बसवलं की ठीक होतील. आता तसं वाटेना. कालव्यापलीकडं एक मोठा पिंपळ होता, बुंध्याला रंगीत कापडं गुंडाळलेली, आणि शेजारी खांबावर बाहुलीच्या घराएवढं देऊळ. त्यापुढं झेंडूचा हार आणि लाल सरबताची बाटली ठेवलेली, आपल्याकडं गावच्या राखणदाराला ठेवतात तशी. हे तिथं थांबले, हात जोडले, आणि झाडाला उजवीकडं ठेवून पुढं गेले. झाडाखाली चार-पाच कुत्री पडली होती. त्यांनी यांच्याकडं बघितलंही नाही. माझ्या अंगावर मात्र सगळी उठून भुंकायला लागली.

झाडामागं ते घर होतं. लाकडाचं, जुनं, पावसानं काळं पडलेलं. समोर तीन पायऱ्या आणि ओसरीवर बसायला लांब फळी, आपल्या घरांना सोपो असतो तशी. हे सरळ चढून सोप्यावर बसले, पाठ भिंतीला टेकली आणि आत तोंड करून म्हणाले, "आये, उदक हाड गो."

आई, पाणी आण गं.

आत भांड्याचा आवाज झाला. आणि एक म्हातारी बाहेर आली. अगदी लहानखुरी, केस बारीक कापलेले, कमरेला फुलाफुलांचं वस्त्र. हातात पाण्याचं भांडं. एक परका माणूस ओसरीवर येऊन बसलाय याचं तिला काही वाटलं असेल, तर ते चेहऱ्यावर नव्हतं. उशीर का केलास, असा चेहरा होता तिचा. यांनी भांडं घेतलं, वर धरलं, ओठ न लावता घटाघट पाणी प्याले. तिनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बोलायला लागली. तिच्या भाषेतलं एक अक्षर मला कळत नव्हतं, पण रागावणं कुठल्याही भाषेत कळतं. हे मान खाली घालून ऐकत होते. ती थांबली की हे म्हणत, "हय." ती पुन्हा सुरू करी. पुन्हा थांबे. "हय, आये."

मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला तसं तिनं माझ्याकडं बघितलं आणि तळहात पुढं केला. वर येऊ नको. ओरडली नाही, हाकललं नाही. नुसता हात. मी पाय मागं घेतला.

मग हे सोप्यावर आडवे झाले, हाताची उशी केली आणि झोपले. लगेच गाढ झोप. म्हातारी उशाशी बसून पंख्यानं वारा घालू लागली.

मी उन्हात उभी होते, दोन्ही हातांत त्यांच्या चपला घेऊन. किती वेळ, ते सांगता येणार नाही. त्यांचा चेहरा बघत होते. कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या, तोंड थोडं उघडं होतं. एवढं सुखात मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. आणि मला एकदम कळलं, कसं ते विचारू नका, की आता उठवलं नाही तर हा माणूस उठेल तेव्हा माझा नसेल.

"अहो!" मी हाक मारली. "अहो, उठा!"

हालचाल नाही. या 'अहो'चा त्या सोप्यावर पडलेल्या पोराशी काही संबंध नव्हता.

मग मी त्यांना नावानं हाक मारली. आमच्याकडं बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. लग्नात आणि डोहाळजेवणात घेतलं होतं, तेही ओळींत गुंफून, लाजत. त्या दिवशी मी ते नाव मोकळ्यानं, ओरडून घेतलं. म्हातारीचा पंखा थांबला. तिनं माझ्याकडं बघून मान हलवली, नको, नको. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, विनवणी होती. मी परत हाक मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा माझा आवाज फाटला.

यांनी डोळे उघडले. आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. ओळख नव्हती त्या नजरेत. दारात कोण बाई आली आहे, एवढंच. ती नजर माझ्यावर बराच वेळ होती. मग आठ्या परत आल्या.

"अगो," हे म्हणाले, "माझ्या चपला खंय?"

म्हातारी उठली, भांडं उचललं आणि आत गेली. दार तिनं हळूच लावून घेतलं.

परतताना यांना वाट सापडेना. एकेका वळणावर थांबत होते, दिसेल त्याला हातवारे करून नदी कुठं म्हणून विचारत होते. तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. शेवटी एका पोरसवदा भिक्षूनं आम्हाला भलत्याच धक्क्यावर आणून सोडलं. होडीत बसल्यावर मी विचारलं, "त्या घरात का गेलात?"

"खंयच्या घरात?" मग तळवे बघत म्हणाले, "उन्हानं भोवळ आली असणार. पाय बघ कसे भाजलेत." थोड्या वेळानं आपणच म्हणाले, "पाणी मात्र गोड होतं."

परत आल्यावर काही झालं नाही. हे कामावर जाऊ लागले. मी त्यांची तब्येत दाखवून घेतली, डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहेत. आणि खरंच होते, अजून आहेत. बँकॉकचा विषय निघाला की होडीतल्या त्या तिकीटवालीच्या नळीची नक्कल करून दाखवतात.

मी गप्प राहिले असते. पण काजूच्या दिवसांत लाटंबार्सेला नणंदेकडं गेले होते. आम्ही दोघीच मागल्या दारी बिया वाळत घालत होतो, आणि मला राहवलं नाही. साकवाची फळी, पिंपळ, तीन पायऱ्या, सगळं सांगितलं. ती हातातलं काम न थांबवता ऐकत होती. हसेल, नाहीतर घाबरेल, असं मला वाटलं होतं.

"आयेनं त्याका उदक दिलं?" तिनं विचारलं.

"ती तिथलीच कोणी बाई होती हो, वन्सं."

"आणि डोक्यावर हात फिरवलान?"

"हो."

तिनं बियांची सुपली खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. साठीची बाई, दोन नातवंडांची आजी, पण आपल्या वाटचा खाऊ भावाला दिल्यावर लहान पोर रडते तशी रडली. "तिच्या आजारपणात सगळं मी केलं," ती म्हणाली. "पेज मी भरवली. आणि बोलावलान त्याला."

मी सुपली माझ्याकडं ओढली आणि राहिलेल्या बिया पसरल्या.

ती म्हापशापलीकडं फारशी कधी गेलेली नव्हती. त्या पावसाळ्यात तिनं आपल्या मुलाच्या मागं लागून पासपोर्ट काढून घेतला. यांना त्याचं मोठं कौतुक. "ताईक बँकॉक बघायचं आसा!" म्हणून सगळ्यांना सांगत सुटले. ती भेटली की पहिलं तेच विचारते, कधी जाऊया. हे म्हणतात, चतुर्थी होऊ दे, मग जाऊ. मग तिची नजर माझ्याकडं वळते. मी उठून चहा ठेवायला आत जाते.