तळ्याकडे पाठ केलेलं शहर

आमच्या संपादकांना तळ्याकाठचं शहर हवं होतं. टुमदार, पुण्याहून एका दिवसात जाऊन येण्याजोगं आणि मुख्य म्हणजे माझा प्रवासखर्च वाढू नये इतकं जवळ. नव्या शतकाची पहिलीच वर्षं होती, पुणेकरांना शनिवार-रविवारी पळून जायची चटक लागली होती. मी शिवाजीनगरहून एसटी पकडली.

मंचरला गाडी बदलली, घोडेगावला पुन्हा. डिंभ्याची गाडी कधी येते असं टपरीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "येती. कदी ते तेवढं इचारू नका, राव." दीड तासाने आली. पुढचा सगळा प्रवास मी एका पायावर केला, कारण दुसऱ्या पायावर कुणीतरी कांद्याचं पोतं ठेवलं होतं.

मी निवडलेलं शहर म्हणजे धरणात गेलेल्या गावाची नवी वसाहत. पण थाट शहराचाच! रस्ते सरळ, चौक काटकोनात, घरांना नंबर. पिठाची गिरणी होती, एसटीडीचा पिवळा बूथ होता. "आमचं गाव आदी कागदावर झालं, मंग जमिनीवर," बूथवाल्याने छाती फुगवून सांगितलं. वसाहतीच्या मागे तळं पसरलं होतं, त्यामागे सह्याद्री. कॅलेंडरवर छापावं असं सगळं, आणि एकाही घराला त्या बाजूने खिडकी नाही! शहरच्या शहर तळ्याकडे पाठ करून बसलेलं.

"पावसाची झड येती," बूथवाला म्हणाला. झड म्हणजे वाऱ्याने तिरपा आत घुसणारा पाऊस. मला पटलं नाही, पण भूक लागली होती. मी समोरच्या खानावळीत शिरलो.

खानावळ सुनंदाताईंची. घराच्या पुढच्या खोलीत दोन बाकडी, आत चूल. चुलीपाशी सासूबाई नाचणीच्या भाकऱ्या थापत होत्या आणि दारात सासरे, धोंडीबाबा, मला आपादमस्तक न्याहाळत होते. मागच्या भिंतीवर कोळशाने एक मोठा चौकोन काढला होता. त्याखाली लोखंडी खिडकी टेकवून ठेवलेली.

"वरीस झालं आळेफाट्याहून आणून," सुनंदाताई ताट ठेवता ठेवता कुजबुजल्या. "खिडकी झाली तर पुण्याची गिऱ्हाइकं बसत्याल. न्हाईतर ह्या हंगामाला खानावळ बंद करून मला मंचरला कामाला जावं लागंल. बाबा ऐकत न्हाईत. म्हंत्यात, शेहरातल्या एका माणसानं सांगू दे खिडकी पायजे, मंग बघू. भाऊ, तेवढं सांगा."

एवढंच ना! मी मान डोलावली आणि मरळीच्या कालवणावर तुटून पडलो. हा मासा त्याच तळ्यातला. अशी चव की मी जगाला विसरलो. नेमकं तेव्हाच बाबांनी विचारलं, "पावणं, तुमी हितं जेवाया आला का पानी बघाया?"

"जेवायला," मी भरल्या तोंडाने म्हणालो.

सुनंदाताईंच्या हातातला डाव तसाच राहिला. बाबा विजयी मुद्रेने तंबाखू मळू लागले. मला स्वतःचीच लाज वाटली. घास गिळून मी सारवासारव सुरू केली: नाही, पाणीही बघायचंय, वाचकांना तर नक्कीच, उजेड येईल, वारा येईल. बोलता बोलता थांबलो, कारण बाबांचा चेहरा उतरला होता.

"तसं न्हाई, पावणं," ते हळू आवाजात म्हणाले. "आमी नवीन आलो तवा ही म्हातारी दिसभर पान्याकडं बघत बसायची. जेवायची न्हाई, बोलायची न्हाई. आमचं घर, खळं, समदं तिथं खाली. म्हून मी भिंत बांदली ती आंधळी. झडीचं सांगत आलो लोकांना, तर त्यांनीबी तसंच केलं."

चुलीपाशी थापण्याचा आवाज बंद झाला.

"आन् मी धुनं कुठं धुती?" आजी म्हणाल्या. "रोज त्याच पान्यात ना? मला काय नवं हाय त्यात! तुमीच कदी फिरकत न्हाई तिकडं. तुमाला बघवत न्हाई, म्हून मी भिंतीबद्दल गप बसली इतकी वर्सं."

बाबा तंबाखू नुसती मळत राहिले. मग ती टाकून उठले आणि कोपऱ्यातली पहार (भोकं पाडायची जाड लोखंडी कांब) घेऊन त्यांनी कोळशाच्या चौकोनात घाव घातला. माझ्या ताटात माती उडाली. मी चुपचाप ताट सरकवलं. चार-पाच विटा निघाल्या आणि ते थांबले, धापा टाकत.

"बाकीचं गवंडी करंल," ते म्हणाले.

आजी पिठाचे हात घेऊन उठल्या. भोकाशी बाबांच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. आजींनी पाण्याकडे बोट दाखवलं, बाबांनी नकारार्थी मान हलवून ते बोट जरासं डावीकडे सरकवलं. सुनंदाताईंनी पदर डोळ्यांना लावला आणि मलाही गलबलून आलं. मरळ तिखट होती अशी सबब मी मनाशी तयार ठेवली.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली. दुसऱ्या दिवशी हकिकत ऐकून संपादकांनी फर्मावलं: त्या खिडकीतून तळं दिसतं कसं, ते रंगवून लिही. मी म्हणालो, माहीत नाही. भोक छोटं होतं आणि मी निघेपर्यंत ते दोघं तिथून हलले नव्हते.