दोघांनी उचलायची पिशवी

भाऊजींना जाऊन सात आठवडे झाले. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच म्हणतो, "हाक तरी मारायची होती त्यांनी." लीड्सहून लेकीचा फोन येतो. तिचं मराठी इथे जन्मलेल्या मुलांचं. ती म्हणते, "आई, काका एक पण हाक नाही मारला? यू वेअर ऑल इन द हाउस ना!" मी म्हणते, "नाही गं." हे खोटं आहे. त्यांनी हाक मारली होती, दोनदा. मी ती ऐकली होती आणि गेले नव्हते… लेकीला बोलून दाखवायचं धैर्य नाही, म्हणून लिहिते आहे.

विनायकभाऊजी माझे धाकटे दीर. ब्रॅकनेलला कॉम्प्युटरच्या कंपनीत त्यांची सगळी नोकरी झाली. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर हार्टमध्ये दोन स्टेंट घातले, तेव्हा यांनीच जाऊन त्यांना स्लाऊला आमच्या घरी आणलं. दोन बॅगा, पुस्तकांचे खोके आणि बिअर करायचं प्लॅस्टिकचं पिंप एवढाच त्यांचा संसार. पिंप गॅरेजमध्ये गेलं. डब्यात मिळणारा तयार पाक पाण्यात कालवून ते बिअर आंबवायला ठेवत. यांना ते अजिबात पटत नसे. "देवघराच्या भिंतीपलीकडे हा दारू गाळतोय," असं मला ऐकवत, म्हणजे ते भाऊजींना ऐकू जाई. भाऊजी तिकडून म्हणत, "दादा, गाळत नाही, आंबवतोय. इडलीसारखं." "मग इडलीच कर की!" हे म्हणत. दोघं भाऊ असंच बोलत. समोरासमोर मात्र क्रिकेटशिवाय विषय नसे.

मागच्या वर्षी भाऊजींनी ठरवलं की डब्यातला पाक बंद, आता बिअर धान्यापासून करायची. एका सकाळी डायनिंग टेबलवर त्यांनी चित्रांचे कागद पसरले आणि मला हाक मारली. "वहिनी, या इकडे. सल्ला पाहिजे." मी भांडी घासत होते. मला वाटलं, चेष्टा चालली आहे. माझी शाळा चौथीत सुटली. पुढे इथे सँडविचच्या कारखान्यात पॅकिंग केलं. त्यामुळे घरात मला स्वयंपाक सोडून कुणी काही विचारत नाही, आणि मीही आपणहून बोलत नाही. "मला काय कळतंय त्यातलं?" म्हटलं. तर म्हणाले, "तुम्हाला धान्य कळतं. मला फक्त इंटरनेट कळतं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. मोड आणून वाळवलेले जव भरडायचे आणि गरम पाण्यात तासभर भिजवून ठेवायचे. पाणी उकळतं नको आणि निवायलाही नको. म्हणजे धान्यातली गोडी पाण्यात उतरते, आणि त्या गोड पाण्याची पुढे बिअर होते. मी म्हटलं, "हे तर नाचणीच्या सत्त्वासारखंच की. मोड आणायचे, वाळवायचे, दळायचे. लेकीला मी ते भरवलंय." त्यांनी टेबलावर थाप मारली. "बघा! आणि मी तीन महिने वाचत बसलोय."

प्रश्न होता तो हे धान्य भिजवायचं कशात. एक विजेचं स्टीलचं यंत्र होतं, आत जाळीची टोपली असलेलं. ती भरलेली टोपली वर ओढून काढावी लागते. दुसरा होता पिकनिकला नेतात तसा कूलबॉक्स, खाली नळ बसवलेला. त्यात ऊब टिकते, आणि तास झाला की नळ उघडायचा, गोड पाणी खाली येतं, धान्य आतच राहतं. काही उचलायला नको, एकट्याचं काम. तिसरा प्रकार अगदी साधा, मोठं पातेलं आणि कापडाची पिशवी. धान्य पिशवीत, पिशवी पातेल्यात, तासाने पिशवी वर उचलून निथळत ठेवायची.

मी लगेच पिशवीवर बोट ठेवलं. श्रीखंडाचा चक्का मी आयुष्यभर टांगत आले, मला दुसरं काय सुचणार? म्हटलं, "पिशवी मी शिवून देते. पातेलं जुन्या रजईत गुंडाळू, निवणार नाही." भाऊजींनी छातीवर हात ठेवला. म्हणाले, "पण वहिनी, पाच किलो धान्य भिजलं की दुप्पट जड होतं. मला उचलायची बंदी आहे." मी म्हटलं, "मी आहे ना. दोघांनी उचलू. हाक मारा, मी येते."

त्यांनी कूलबॉक्सचा कागद घडी करून बाजूला ठेवला. "ठरलं तर मग," म्हणाले.

पिशवी मी दुहेरी शिवणीची केली, कडेला दोन बंद ठेवले. एक त्यांच्या हातात, एक माझ्या. पहिल्या वेळेला आम्ही ती उचलली आणि मला इतकं हसू आलं की पिशवी हिंदकळली आणि दोघांच्या चपला भिजल्या. "वहिनी, सिरियस व्हा, हे सायन्स आहे," असं म्हणताना ते स्वतःच हसत होते. छताच्या हुकाला पिशवी टांगली की ते चमचाभर गोड पाणी मला चाखायला देत. बिअर मी कधी प्यायले नाही. त्या पाण्याला मात्र लापशीचा वास यायचा. मी "आज कमी गोड आहे" म्हटलं की ते लगेच काचेची नळी बुडवून मोजत आणि म्हणत, "करेक्ट!" माझ्या बोलण्यावर असा शिक्का आजवर कुणी मारला नव्हता.

त्या रविवारी यांनी मराठी मंडळातली दोन जोडपी चहाला बोलावली होती. सकाळीच मला बजावलं, "गॅरेजचं दार लावून घे. वास बाहेर यायला नको." भाऊजींनी दुपारी धान्य भिजत घातलं होतं. पाहुणे येऊन बसले, मी पोह्यांच्या बशा घेऊन आले, आणि किचनच्या पलीकडून हाक आली. "वहिनी… हात लावता का?"

मी बशा वाटत राहिले. पाहुण्या बायका दोघीही शिकलेल्या, एक तर डॉक्टर. त्यांच्यासमोरून उठून दारूच्या पिशवीला हात लावायला जायचं, आणि कोणी कुठे चाललात विचारलं तर काय सांगायचं… मला लाज वाटली. म्हटलं, थांबतील पाच मिनिटं. दुसरी हाक आली, जरा हळू. मी चहा ओतला.

पाहुणे गेल्यावर धावत गेले. भाऊजी भिंतीला टेकून बसले होते. पिशवीचा एक बंद त्यांच्या मनगटाभोवती होता आणि जमिनीवर गोड पाणी पसरलेलं. पाणी अजून कोमट होतं. ॲम्ब्युलन्सवाली मुलगी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, तुम्हाला काहीच करता आलं नसतं. ती भली होती. पण तिला हाकेचं माहीत नव्हतं.

गेल्या मंगळवारी कोणीतरी पुन्हा फोनवर तेच म्हणालं आणि हे नेहमीसारखं उत्तरले, "विनू होताच तसा. कुणाला त्रास द्यायचा नाही." त्यांनी फोन ठेवला आणि मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो, त्यांनी हाक मारली होती. मी ऐकली होती."

हे खुर्ची ओढून टेबलापाशी बसले. मग म्हणाले, "मी पण."

मला आधी कळलंच नाही.

"दोन्ही वेळा ऐकली मी. पाहुण्यांसमोरून तू उठली नाहीस, तेव्हा मला बरं वाटलं होतं."

मी माझं उरलेलं काम करत राहिले, ते बागेत गेले आणि पाऊस लागला तरी आत आले नाहीत. लेकीला अजून सांगितलेलं नाही. सांगावं लागेल. कोणी सांगायचं, तेही ठरलेलं नाही.

काल मी कणीक मळत होते आणि यांनी वरून हाक मारली. तशाच पिठाच्या हातांनी मी जिना चढले, धाप लागली. हे पलंगाच्या कडेला बसले होते. काय हवंय, म्हणून विचारलं. काही नको होतं. माझ्याकडे बघितलं, मान हलवली, आणि पुन्हा खिडकीकडे बघत बसले. मी खाली आले. थोड्या वेळाने त्यांनी परत हाक मारली. मी परत गेले.