नळीवरचा ओशट डाग

मिस्त्रीच्या कानाचा बोलबाला होता. गाडी फाटकातून आत येताना तो नुसता ऐकायचा आणि सांगायचा, तिसऱ्या सिलिंडरचा प्लग बघा. सत्तावीस वर्षं असं चाललं होतं. बहुतेक वेळा त्याचं बरोबर निघायचं, आणि चुकलं तर तो विषय पुन्हा निघू देत नसे.

मग गॅरेजात साडू भागीदार म्हणून आला. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, दहा वर्षांनी लहान, मोठ्या वर्कशॉपमध्ये तयार झालेला. बायकोनेच गळ घातली होती. नव्या गाड्या तुमच्या कानाला दाद देत नाहीत, म्हणाली. साडूने सोबत स्कॅनर आणला. तो गाडीला जोडला की पडद्यावर रेघा पळायला लागायच्या आणि गिऱ्हाइकं भोवती गोळा व्हायची. त्यात माणूस स्वभावाने भला. डबा उघडला की भाजी आधी मिस्त्रीला वाढायचा. जरा उर्मट असता तर बरं झालं असतं, असं मिस्त्रीला वाटे. रागवायला काही निमित्त तरी मिळालं असतं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई मिस्त्रीच्या जुन्या गिऱ्हाईक. त्या दिवशी टर्बोची गाडी घेऊन आल्या आणि त्याला म्हणाल्या, "तुमचे साडू आहेत का?"

मिस्त्रीने बोटाने आत दाखवलं. 

बाईंची तक्रार अशी होती : चढावर पाय दाबला की गाडी जोर धरते, सोडते, पुन्हा धरते. मधेच अडखळते. उभी असली की मात्र गरीब गाईसारखी. साडूने स्कॅनर लावला. दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर दिसत होता, ठिणगी मधेच चुकत होती. त्याने ठिणगी देणारी इग्निशन कॉइल बदलली, सपाट रस्त्यावर एक फेरी मारून आणली, आणि अडखळणं थांबलं असं सांगून हात धुवायला गेला.

तेवढ्यात मिस्त्री बॉनेटखाली वाकला. टर्बोने दाबलेली हवा थंड करायला इंटरकूलरकडे नेणारी रबरी नळी त्याने खालच्या बाजूने चाचपली. बोटाला ओशट लागलं. नळी दाबली तशी नखाएवढी चीर उघडली आणि मिटली. गोष्ट त्याच्या लगेच ध्यानात आली. चढावर टर्बोचा दाब वाढला की चीर उघडते, मोजून घेतलेली हवा बाहेर निसटते, पेट्रोल मात्र त्या हवेच्या हिशेबाने पडत राहतं आणि इंजिन हिंदकळतं. गाडी उभी असताना दाबच नाही, म्हणून तक्रारही नाही.

त्याने साडूला हाक मारायला तोंड उघडलं. मग मिटलं. कमरेचं फडकं काढून त्याने तो तेलाचा डाग स्वच्छ पुसला आणि बाजूला झाला.

चार दिवसांनी गाडी परत आली. साडूने हवा आत सोडणारा थ्रॉटल खोलला, सेन्सर तपासले, पेट्रोलचा दाब मोजला. दोन दिवस तो तिच्यातच होता. मिस्त्री येता-जाता सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने विचारायचा, काय म्हणतंय यंत्र? घरी त्याने हे रंगवून सांगितलं, पण बायको हसली नाही. बहिणीचा नवरा धड जेवतही नाहीये, एवढंच म्हणाली. मिस्त्रीने मात्र त्या दिवशी एक पोळी जास्त खाल्ली.

साडूने थ्रॉटल साफ करून गाडी दिली. दुसऱ्याच दिवशी बाई आल्या त्या आरसा तुटलेली गाडी घेऊन. चढावर ट्रॅक्टरला ओलांडताना गाडीने ऐन वेळी जोर सोडला होता आणि समोरून ट्रक आला होता.

"ट्रकवाल्याने ब्रेक मारला," बाई शांतपणे म्हणाल्या, "म्हणून मी इथे उभी आहे."

साडूचा चेहरा पांढराफटक पडला. चूक माझीच, मला दोष सापडत नाही, असं त्याने बाईंना सरळ सांगितलं आणि मिस्त्रीकडे वळला. "दादा, तुम्ही बघाल का?"

मिस्त्री याच शब्दांची वाट बघत होता. त्याने थेट नळीला हात घातला, ती काढली, वाकवून दाखवली. चीर आता बोटभर झाली होती. साडूचा आनंद गगनात मावेना. मी इतके दिवस डोकं फोडतोय आणि दादांनी दोन मिनिटांत काढलं, असं तो बाईंना सांगू लागला. बाईही पूर्वीसारख्या मिस्त्रीकडे बघू लागल्या. एवढं सगळं मिळालं होतं, आणि मिस्त्रीला ते घशाखाली उतरेना.

"मला आधीच सापडली होती," तो साडूला म्हणाला. "पहिल्याच दिवशी. तुम्हाला दिसू नये म्हणून तेल पुसलं."

साडूने नळी बाकावर ठेवली. "माझ्यावर हसायचं होतं तर खुशाल हसायचं होतंत, दादा. पण गाडी त्यांची होती."

 नवी नळी बसल्यावर बाई म्हणाल्या, दोघंही चला चढावर. मिस्त्रीने गाडी चालवली, साडू मांडीवर स्कॅनर घेऊन बसला. गाडी तक्रार न करता चढली. कॉइल बदलायची गरजच नव्हती, असं मिस्त्री पुटपुटला. साडूने चढाच्या माथ्यावर गाडी थांबवायला लावली, निघताना खिशात टाकलेली जुनी कॉइल परत बसवली आणि गाडी खाली नेऊन पुन्हा चढायला सांगितलं. गाडी लगेच अडखळली. दोष दोन होते. मिस्त्रीने त्यातला एकच पकडला होता, आणि हे त्याला कबुलीपेक्षाही जास्त झोंबलं.

बायकोला त्याने घरी सगळं सांगितलं. बहिणीला मी काय तोंड दाखवू, असं म्हणून ती तीन दिवस अबोल राहिली. साडू गॅरेज सोडून गेला नाही, पण पुढचे काही महिने त्याने मिस्त्रीला दादा म्हटलं नाही. कामापुरतं "अहो" म्हणायचा. पावसाळा संपता संपता मिस्त्री एका दुपारी चष्मा लावून स्कॅनरसमोर बसला आणि या रेघा कशा वाचायच्या ते शिकवा म्हणाला. साडूने शिकवलं. अर्धं डोक्यावरून गेलं, तेव्हा त्याने पुन्हा विचारलं, आणि साडूने पुन्हा सांगितलं, तितक्याच शांतपणे. त्या शांतपणाचाही मिस्त्रीला हेवा वाटला. तरी तो उठला नाही.