फक्कीने आखलेला चौक

त्या रविवारी सकाळी आम्ही अजून नसलेल्या चौकातून फिरून आलो.

बदलापूरच्या बाजारातला आमचा चौक नव्याने बांधायचा होता आणि तो कसा असावा हे तिथे वावरणाऱ्यांनीच सांगायचं, असं ठरलं होतं. गाड्या बंद ठेवल्या होत्या. नकाशे काढणाऱ्या दोन मुलींनी मैदानावर टाकतात तशी पांढरी फक्की टाकून अख्खा चौक जमिनीवर आखला होता, खऱ्या मापाचा. इथे बाक, इथे पाण्याचा नळ, चिंचेभोवती पार आणि पाराच्या कडेने भाजीवाल्यांचे चौकोन.

लोक आधी हसले. मग हळूहळू रेघांना मान द्यायला लागले. एक आजोबा बाकाच्या रेघांमध्ये उकिडवे बसून राहिले, उठेचनात. शेजारचा कांदेवाला एकाला ओरडला, "अहो, पारातून कुठे चाललात? वळसा घाला की!" आणि तो माणूस खरंच वळसा घालून गेला. मी नळाच्या गोलापाशी थांबले तर पाणी पडल्याचा आवाज कानात आला. ऊन कोवळं होतं. सगळा चौक पाण्याच्या तळाशी असल्यासारखा पांढरा, हलका दिसत होता.

त्या चौकोनांत माझा चौकोन नव्हता. चूक माझीच.

मी चामटोलीहून मेथी आणते. चिंचेखाली सकाळी उजाडताच डोंगरातल्या वाडीवरची एक मावशी रानातली भाजी घेऊन बसते. दहाला तिची टोपली रिकामी होते, ती उठते, मी बसते. कित्येक वर्षं असंच चाललंय. आमच्यात रीत अशी, की ज्याने सकाळी पहिलं गोणपाट अंथरलं, जागा त्याची म्हणायची. नंतर बसणारा पाहुणा. म्हणून त्या रविवारच्या महिनाभर आधी नकाशेवाल्या मुलींपैकी एक जेव्हा वही घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, ही जागा कोणाची?" तेव्हा मी सांगितलं, "मावशीची." तिने लिहून घेतलं. आपणही बसतो हे सांगावं असं मनात आलं, पण अनोळखी माणूस समोर असला की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. मी भाजीवर पाणी शिंपडत राहिले.

आता ज्याचं नाव वहीत, त्याला चौकोन. बाकीच्यांना नाल्यापलीकडची मोकळी जागा. तिथे दिवसभर ऊन. मेथी बारापर्यंत मान टाकणार, आणि मेथीशिवाय मी दुसरं काही विकत नाही.

"आपापल्या चौकोनात उभे राहा," ती वहीवाली मुलगी म्हणाली. सगळे शिरले. मी रेघेबाहेर.

मावशीने मागे पाहिलं. "तू तिकडं काय करतंस गो? ये आत."

"तुमचा आहे तो."

"माझा दहापर्यंत. मग काय कुत्र्याला बसवू?"

लोक हसले. मी मान खाली घालून आत गेले. मावशीच्या लुगड्याला ओल्या पाल्याचा वास होता.

मुलगी वही उघडून आली. "मावशी, इथे एकच नाव आहे."

"मग दुसरं लिव. शिकलेली ना तू?"

"मावशी, पुढच्या निवडणुकीला उभ्या राहा!" कांदेवाला म्हणाला.

मुलगी गोंधळली. "पण मी विचारलं होतं. या ताईच म्हणाल्या."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी पायाखालच्या रेघेकडे बघून बोलले, "पहिली बसते तिचंच नाव सांगतात आमच्यात. दहानंतर मी असते. चारनंतर सावली सरकते, मग मीही सरकते आणि इथे गजरेवाली बसते."

"सावली कुठे सरकते? दाखवता?"

तिने फक्कीचा डबा माझ्या हातात दिला. दहाची सावली कुठे, बाराची कुठे, चारची कुठे, ते माझ्या पाठीला माहीत होतं. मी चालत गेले आणि फक्की सांडत गेली. सकाळच्या उन्हात मी दुपार आखत होते. भोवती कोण आहे याचा विसर पडला. मागून गजरेवाली म्हणाली, "अगं, आणखी इकडे. दिवाळीत सावली थेट त्या पायरीला लागते." मग तिनेही मूठभर फक्की घेतली. थोड्या वेळाने चौकोनांवरून एकात एक गुंतलेल्या मोठाल्या पांढऱ्या पानांसारख्या सावल्या पसरल्या. मुलीने आपले चौकोन पायाने पुसले. वहीत एकेका जागेसमोर दोन-दोन, तीन-तीन नावं आली. चिंचेखाली माझं नाव, दहा ते चार.

गेल्या आठवड्यात काम सुरू झालं. भोवती पत्रे ठोकलेत, आम्ही सध्या रस्त्याच्या कडेला बसतो. एका पत्र्याला भोक आहे, त्यातून मी बघते. नव्या पाराच्या आखणीची दोरी गोल नाही ताणलेली. बाराच्या सावलीच्या बाजूला ती लांब ओढलीय.

काल मुकादमाने विचारलं, "बाई, रोज काय बघता?"

म्हटलं, "दहानंतर मी इथे बसते."